हाळी पोचली पाहिजे

डोंगरात राहणाऱ्या माणसाला हाळी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. एका टेकडीवरचा गुराखी तोंडाभोवती हात धरतो आणि पलीकडच्या टेकडीवरच्या गड्याला साद घालतो. मध्ये मोकळी दरी असली, तर आवाज स्वच्छ पोचतो. पण मध्ये डोंगराची सोंड आडवी आली, की कितीही ओरडा; पलीकडे काही ऐकू जात नाही.

आज आपण ज्या वस्तूविषयी वाचणार आहोत, ती म्हणजे यंत्राची हाळी. तिला बिनतारी संच म्हणतात. बोलताना आपण तिला वॉकीटॉकी म्हणतो. बंदोबस्ताच्या पोलिसांजवळ तुम्ही ती पाहिली असेल. बटण दाबले की बोलायचे, बटण सोडले की ऐकायचे. मोबाइलला मनोरा लागतो. हिला मनोरा लागत नाही. एका संचातून निघालेला आवाज थेट दुसऱ्या संचात जातो.

मग डोंगरातल्या जीपवाल्यांनी असे संच घ्यावेत का? घ्यावेत. पण कसे घ्यावेत, हे आधी समजून घ्यावे. न समजता घेतले तर काय होते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यात माझीही चूक होती. म्हणून आधी तीच गोष्ट सांगतो.

माझी चूक

आमचे गाव सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आहे. तीन-चार वाड्या डोंगरापलीकडे आहेत. तिकडे जाणारी वाट कच्ची. पावसाळ्यात चिखल, दगड आणि दोन ओहोळ. साधी मोटार तिथे चालत नाही. चारही चाकांना जोर असलेली जीपच लागते. गावातल्या चार तरुणांच्या अशा चार जीपगाड्या आहेत. आजारी माणूस, बाजारहाट, खताच्या गोणी, सगळे तेच नेतात-आणतात. त्या वाटेवर मोबाइल लागत नाही.

एकदा शहरातले हौशी लोक सहा जीपगाड्या घेऊन आमच्या बाजूला आले. त्यांच्याजवळ बिनतारी संच होते. पुढची गाडी मागच्यांना सांगत होती, "डावीकडे मोठा दगड आहे, उजवीकडून या." आमच्या पोरांना ते फार आवडले. ते माझ्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, आपणही असे संच आणू या. डब्यावरचं इंग्रजी तुम्ही वाचून सांगा."

शहरातल्या एका दुकानातून त्यांनी चार संच आणले. डब्यावर लिहिले होते, १५ किलोमीटर. मी तो आकडा वाचला आणि मान डोलावली. म्हटले, "आपली वाट तर सहाच किलोमीटरची. हे पुरून उरेल."

पुढे आषाढात तालुक्याला डोळे तपासण्याचे शिबिर झाले. वाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना चार गाड्यांतून नेले होते. परतताना संध्याकाळ झाली. पाऊस वाढला. पहिल्या तीन गाड्या ओहोळ ओलांडून गेल्या. चौथीचे चाक ओहोळातल्या दगडांत अडकले. पाणी चढू लागले. गाडीत चार म्हाताऱ्या होत्या. चालकाने संचाचे बटण दाबले आणि ओरडला, "थांबा, मागे या!" उत्तर नाही. पुन्हा ओरडला. उत्तर नाही. पुढच्या गाड्या दोन वळणे पलीकडे गेल्या होत्या. मध्ये डोंगराची सोंड होती.

शेवटी गाडीतला एक पोरगा पावसात धावत गेला. पुढच्या गाड्या दोर घेऊन परत येईपर्यंत पाऊण तास गेला. तोवर चालकाने आणि दोन गड्यांनी हाताला हात धरून म्हाताऱ्यांना एकेक करून काठावर आणले. सगळ्या वाचल्या. गाडी मात्र रात्रभर पाण्यात राहिली.

त्या रात्री मला झोप आली नाही. अक्षरे मी बरोबर वाचली होती. अर्थ वाचला नव्हता. १५ किलोमीटर म्हणजे कुठले १५ किलोमीटर, हा प्रश्न मी विचारला नव्हता. त्यानंतर मी जाणत्या माणसांना विचारले, माहिती वाचली. तेच आता तुम्हांला सांगतो.

लहर कशी जाते

संचात आपला आवाज विजेच्या लहरींवर चढवला जातो. त्या लहरी हवेतून जातात. दुसरा संच त्या पकडतो आणि त्यांतून पुन्हा आवाज काढतो. या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात. कंदिलाचा उजेड जसा भिंतीपलीकडे जात नाही, तशा या लहरी डोंगरापलीकडे फारशा जात नाहीत. दाट रानात, त्यातही ओल्या पानांत, त्या आणखी मंद होतात.

डब्यावरचा आकडा मोकळ्या जागेचा असतो. एक माणूस उंच टेकडीवर, दुसरा समोरच्या टेकडीवर, मध्ये काही नाही, अशा वेळचा तो आकडा. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. तिच्या माथ्यावर संच घेऊन उभे राहिलात, तर समोर दिसणाऱ्या दूरच्या गावाशीही बोलता येईल. पण पायथ्याच्या घळीत उतरलात, तर पलीकडच्या वळणावरच्या माणसाशीही बोलता येणार नाही.

काही जण म्हणतात, जास्त शक्तीचा संच घ्या, म्हणजे झाले. संचाची शक्ती वॅटमध्ये मोजतात. शक्तीचा उपयोग आहे, पण लोक समजतात तितका नाही. मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट करायचे, तर शक्ती निदान चौपट लागते. आणि मध्ये डोंगर आला, की मोठ्या शक्तीचीही मात्रा चालत नाही. शक्तीपेक्षा उंची मोठी. गड्याने दरीतून दहा वेळा ओरडण्यापेक्षा टेकडीवर चढून एकदा हाळी द्यावी, तसेच हे आहे.

कायदा काय सांगतो

विहिरीचे पाणी वाटून घ्यावे लागते. तशाच लहरीही वाटून घ्याव्या लागतात. पोलीस, विमाने, रेल्वे, सगळे लहरींवर बोलतात. कोणीही कुठेही बोलू लागला, तर गोंधळ होईल. आपल्या चुकीच्या लहरीमुळे एखाद्या मोठ्या कामाचा निरोप बुडेल. म्हणून आपल्या देशात लहरींचा कारभार केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडे आहे.

प्रत्येक लहरीला एक आकडा असतो. तो मेगाहर्ट्झ या मापात सांगतात. रेडिओची एफएम केंद्रे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये लागतात. वॉकीटॉकीसाठी एक लहान पट्टा मोकळा ठेवला आहे. तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ असा आहे. २०१८ सालच्या नियमांप्रमाणे या पट्ट्यातले कमी शक्तीचे संच वापरायला परवाना लागत नाही. असे संच साधारण अर्ध्या वॅटचे असतात.

मात्र एक अट आहे. त्या संचाच्या नमुन्याला सरकारची मंजुरी मिळालेली असली पाहिजे. या मंजुरीला ईटीए म्हणतात. दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. "हा संच ४४६ चा आहे का? आणि ईटीए मंजुरीचा कागद दाखवता का?" तो उडवाउडवी करू लागला, तर संच तिथेच ठेवा आणि घरी या.

आमचे पहिले चार संच मोठ्या शक्तीचे होते. ते परवान्याशिवाय वापरता येत नाहीत, हे आम्हांला दुकानात कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. कळल्यावर आम्ही ते बंद करून ठेवले. असे संच इंटरनेटवरूनही सर्रास विकले जात होते. म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली त्या विक्रीसाठी नियम काढले. संच कोणत्या लहरीचा आहे, हे विकणाऱ्याने स्पष्ट सांगितले पाहिजे, असे त्यांत आहे.

गाडीत बसवायचे मोठे संचही मिळतात. त्यांची अँटेना गाडीच्या टपावर असते. त्यामुळे आवाज लांब जातो. पण तशा मोठ्या संचांना परवाना लागतो. दुसरी एक वाट हौशी बिनतारी चालकांची. त्यांना हॅम म्हणतात. ते सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर-किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा अशा हॅम मंडळींनी निरोप पोचवण्याचे काम केले. गावातल्या एखाद्या शिकत्या मुलाला गोडी असेल, तर त्याने ही परीक्षा जरूर द्यावी. पण हॅमचा परवाना धंद्यासाठी वापरता येत नाही. भाड्याच्या जीपगाड्यांना त्याचा उपयोग नाही.

संच हातात घेऊन काय पाहावे

पहिली गोष्ट, पाणी आणि धूळ. चांगल्या संचावर आयपी अशी दोन अक्षरे आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ५४ असेल, तर धूळ फारशी आत जात नाही आणि उडालेले पाणी चालते. आयपी ६७ असेल, तर धूळ मुळीच आत जात नाही आणि संच एक मीटर पाण्यात अर्धा तास पडला तरी टिकतो. आमच्यासारख्या पावसाच्या मुलखात दुसरा चांगला. किंमत जास्त पडते, पण चार जणांनी मिळून विचार करावा.

दुसरी गोष्ट, बॅटरी. ती गाडीतल्या चार्जरवर भरता येते का, ते पाहा. काही संचांत दुकानात मिळणारे साधे सेलही चालतात. जिथे दोन-दोन दिवस वीज नसते, तिथे ही मोठी सोय आहे. ऐकताना बॅटरी कमी खर्च होते, बोलताना जास्त. संच उन्हात काचेपुढे ठेवून जाऊ नये. त्याने बॅटरी खराब होते.

तिसरी गोष्ट, बटणे. चिखलाच्या ओल्या हाताने बटण दाबता येते का? अंधारात चाचपून सापडते का? इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येते का? दुकानात शांतता असते. तिथे सगळेच संच चांगले वाटतात. गाडी चालू करून ऐकून पाहा.

चौथी गोष्ट, सगळे संच एकाच जातीचे घ्या. संचात आठ किंवा सोळा वाटा असतात. त्यांना चॅनल म्हणतात. सगळे एकाच चॅनलवर असले, तरच एकमेकांचे ऐकू येते. शिवाय चॅनलच्या आत आणखी एक सांकेतिक आकडा लावता येतो. तो लावला, की परक्यांचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही. पण नीट लक्षात घ्या. आपले बोलणे परक्यांना ऐकू जातेच. म्हणून संचावर घरच्या गुप्त गोष्टी किंवा पैशाची बोलणी करू नयेत. आणि एकाच गाडीचा आकडा बदलला गेला, तर तिला इतरांचे ऐकू येत नाही. संच चालू असतो, दिवा लागतो, पण माणूस मुका-बहिरा होतो. म्हणून निघण्याआधी प्रत्येक गाडीने प्रत्येकाशी एकदा बोलून पाहावे.

वाटेची परीक्षा

आता सर्वांत मोठी गोष्ट. डब्यावरचा आकडा विसरा. आपली वाट आपणच मोजा.

नवे संच पक्के घेण्याआधी आम्ही दोनच आणले. एक घेऊन मी घाटाच्या तोंडाशी बसलो. दुसरा घेऊन गाडी वाटेने गेली. प्रत्येक वळणावर चालक बोले आणि मी वहीत लिहून घेई. "पहिले वळण, स्वच्छ. दुसरे वळण, खरखर. तिसरे वळण, बंद." तिसऱ्या वळणापर्यंतचे अंतर अर्धा किलोमीटरही नव्हते! पण मधल्या सोंडेवर एक माणूस उभा केला, तेव्हा त्याला दोन्ही बाजूंचे ऐकू येत होते. त्याने इकडचा निरोप तिकडे सांगितला, की काम झाले. गुराखी एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर निरोप असाच पोचवतात.

आम्ही आणखी एक केले. मोबाइल कुठे लागतो, तेही लिहून घेतले. त्या सोंडेवर मोबाइलला थोडी रेंज मिळते. आता कोणी आजारी झाले, तर ओहोळातली गाडी सोंडेवरच्या गाडीला संचावर सांगते आणि ती १०८ ला किंवा ११२ ला फोन लावते. संच थेट दवाखान्यात बोलत नाही. पण तो निरोप फोनपर्यंत नेतो.

ही वही आज प्रत्येक गाडीत आहे. ती मी लिहिली नाही. ती आमच्या साक्षरता वर्गात येणाऱ्या एका चालकाने लिहिली. मोठ्या अक्षरांत, पण अगदी बिनचूक.

बोलण्याची शिस्त

चांगला संच घेतला म्हणजे काम संपले, असे नाही. संचावर एका वेळी एकानेच बोलायचे असते. दोघांनी एकदम बटण दाबले, तर कोणाचेच नीट ऐकू येत नाही. आमच्या गाड्यांनी काही नियम केले. तेही सांगतो.

गाड्यांना नंबर दिले. एक नंबर सर्वांत पुढे. तिचा चालक वाट जाणणारा. चार नंबर सर्वांत मागे. तिचा चालक सर्वांत जुना आणि शांत माणूस. पुढची गाडी वाट कशी आहे ते सांगते. मागची गाडी सगळे आले की नाही ते सांगते.

बटण दाबून क्षणभर थांबायचे आणि मग बोलायचे. नाही तर पहिला शब्द तुटतो. "थांबू नका" यातला "थांबू" गेला तर काय राहील? आधी ज्याला बोलवायचे त्याचा नंबर, मग आपला नंबर, मग निरोप. ऐकणाऱ्याने निरोप परत म्हणून दाखवायचा. "चार नंबर, ओहोळ ओलांडला." "एक नंबर, कळलं. चार नंबरने ओहोळ ओलांडला." तीन वेळा "थांबा" ऐकू आले, की सगळ्या गाड्यांनी जागच्या जागी थांबायचे.

चालकाने गाडी चालवताना संच हातात धरायचा नाही. शेजारच्या माणसाने धरायचा. संच खिडकीजवळ आणि उभा धरायचा. गाडीचे लोखंड लहरी अडवते.

आणि शेवटचा नियम. हा नियम त्या आषाढातल्या रात्रीने शिकवला. प्रत्येक ओहोळानंतर आणि त्या तिसऱ्या वळणाआधी पुढची गाडी थांबते. मागून "चार नंबर आली" असा आवाज ऐकू आल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. आवाज आला नाही, तर वाट पाहत बसायचे नाही. तिने मागे फिरायचे. संच गप्प राहिला, म्हणजे सगळे ठीक आहे, असे कधीही समजू नये.

आमचे नवे संच अर्ध्या वॅटचे आहेत. जुन्यांपेक्षा कितीतरी कमी शक्तीचे. तरी आज कोणी मागे सुटत नाही. कारण कुठे आवाज पोचतो आणि कुठे पोचत नाही, हे आता आम्हांला माहीत आहे.

गेल्या पावसाळ्यात त्याच ओहोळात पुन्हा एक गाडी अडकली. "थांबा, थांबा, थांबा" असा आवाज आला. पुढच्या गाडीतून उत्तर गेले, "कळलं. थांबलो. दोर घेऊन येतो." गाडीत तीच एक म्हातारी होती, जी पहिल्या वेळी पाण्यातून बाहेर काढली होती. ती मला म्हणाली, "गुरुजी, या खेपेला माझं लुगडंसुद्धा भिजलं नाही बघा."

हे लक्षात ठेवा

१. डब्यावरचे किलोमीटर मोकळ्या जागेचे असतात. डोंगरात ते खरे नव्हेत.
२. परवान्याशिवाय वापरायचा संच ४४६ चा आणि ईटीए मंजुरीचाच घ्या.
३. पाणी, धूळ, बॅटरी आणि बटणे स्वतः तपासा. सगळे संच एकाच जातीचे घ्या.
४. आपल्या वाटेवर फिरून, आवाज कुठे तुटतो ते वहीत लिहा.
५. मागच्या गाडीचा आवाज आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. पुढच्या वेळी कोणतीही वस्तू घेताना डब्यावरचे अक्षर स्वतः वाचा. अर्थ कळला नाही, तर विचारा. मी चाळीस वर्षे मुलांना वाचायला शिकवले, तरी त्या दिवशी विचारायचे विसरलो. तुम्ही विसरू नका.